आमटी उतरली

पाऊस माघारी गेला, नवरात्र तोंडावर आलं आणि उन्हाला पुन्हा धार चढली की मी माळ्यावरची मोठी परात खाली काढते. पितळेची आहे, जड आहे, आणि बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला मुळीच शोभत नाही. ओट्यावर ठेवली की शेगडीला अंग चोरावं लागतं. म्हणून मी ती खिडकीखाली जमिनीवर मांडते, तिच्यात पाणी ओतते आणि आमटीचा गरम टोप त्या पाण्यात बसवते. पाणी बघता बघता कोमट होतं. ते बदलायचं, आमटी पळीने ढवळायची, वरून जाळी घालायची. माझा नवरा प्रशांत तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तो दर वर्षी एकदा तरी म्हणतोच, "कंपनीत कूलिंग टॉवर आहे तो कमी पडला म्हणून घरी पण बसवलास." मी लक्ष देत नाही. ज्याला जेवण गरम लागतं त्याने ते गार कसं होतं याची चौकशी करू नये.

लोकांना या दिवसांत झेंडूची तोरणं आठवतात, कोजागरीचं दूध आठवतं. मला परातीतलं पाणी आठवतं. माकुणसारच्या स्वयंपाकघरात मागच्या दारातून ऊन यायचं आणि त्या पाण्यावर पडून छताच्या कौलांवर हलत राहायचं. टोपात पळी फिरली की वर उजेड फिरायचा. एका आश्विनात मी तो उजेड पुष्कळ दिवस बघत बसले होते, कारण खाली बघितलं की सासूबाईंचा चेहरा दिसायचा, आणि तो बघवत नव्हता.

पण आधी माझं सांगते. मी मूळची सोलापूरकडची. आमच्याकडे अन्न नासतं ते सावकाश, विचार करून. ज्वारीची भाकरी उरली तर कडक होते, वाईट होत नाही. उलट शेंगदाण्याच्या चटणीशी तिचं जास्त जमतं. हवा कोरडी, ऊन कोरडं, माणसंही थोडी कोरडीच. शिळं ही आमच्याकडे शिवी नव्हती, न्याहारी होती. सासर मिळालं ते समुद्राच्या वाऱ्यावरचं. सफाळ्याहून केळव्याकडे जाताना माकुणसार लागतं, तिथलं. तिथे मीठ बरणीतल्या बरणीत पाझरतं, पापड तळून ठेवले तर चहा होईपर्यंत मान टाकतात, आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलेलं सकाळचं कालवण दुपार टळली की कोणासाठी थांबत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला वाटायचं, ही माणसं सारखी काहीतरी संपवायच्या घाईत का असतात?

त्यांचा एक शब्द मला फार महागात पडणार होता. आमच्याकडे भाजी विटते, भात आंबतो. माकुणसारला आमटी उतरते. तेव्हा मी नवी होते. घरात पाहुणे आलेले, पाटावर बसलेले. सासूबाई टोपाचं झाकण किंचित उचलून म्हणाल्या, "आमटी उतरली गो," आणि पाणी आणायला मागच्या दारी गेल्या. मी म्हटलं, चला, चुलीवरून उतरली म्हणजे झाली. मी सगळ्यांच्या पानात वाटीभर आमटी वाढली, वर आग्रहही केला. सासूबाई परत आल्या, त्यांनी पंगत बघितली, आणि हातातली कळशी तशीच धरून शांतपणे म्हणाल्या, "थांबा. कोणी हात लावू नका. सुनेने आज उतरलेली वाढली हाय." पाहुण्यांनी हात मागे घेतले. सोलापूरची अब्रू त्या दिवशी माकुणसारच्या पाटावर सांडली. पुढे कितीतरी दिवस घरात कोणी काही विचारलं की सासरे मिशीत हसायचे, "आधी विचार, उतरली म्हणजे कुठून."

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंचं नाक हा आमच्या घरातला मोठा अधिकारी होता. बाकीच्यांना टोपात तोंड घातल्याशिवाय कळायचं नाही. आई झाकण एका बाजूने बोटभर उचलायच्या, मान लांबच ठेवायच्या, आणि निकाल द्यायच्या. हाय चांगली. आज संपवा. उतरली. हे तीनच निकाल, वर अपील नाही. शेजारच्या बायकासुद्धा पदराखाली वाटी झाकून यायच्या, "जरा बघता काय?" आई बघायच्या नाहीत, हुंगायच्या. दूध नासायच्या आधी त्यांना ते नासणार हे कळायचं, असं बाबा म्हणायचे. बाबा म्हणजे माझे सासरे. पानवेलींची वाडी होती त्यांची. पानं ओल्या केळीच्या पानात कशी गुंडाळायची, बाजारात पोचेपर्यंत ती हिरवी कशी ठेवायची, हे त्यांना ठाऊक. स्वयंपाकघरात मात्र ते पाहुण्यासारखे यायचे आणि पाणी पिऊन जायचे.

या सगळ्या हुंगण्याच्या आधी आई जे करायच्या, त्याच्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं, माझंसुद्धा. भात मोजून घालायच्या, वर मूठभर कधी जास्त नाही. उरलाच तर गरम असतानाच परातीत पातळ पसरायच्या, वाफ जाऊ द्यायच्या. आमटीचा टोप पाण्यात बसवायच्या. वाटण लागेल तेवढंच काढायच्या. घरात फ्रिज आला तेव्हा गावातल्या बायका म्हणायच्या, गरम ठेवलं तर मशीन जळतं, म्हणून त्या टोप संध्याकाळपर्यंत बाहेरच ठेवून द्यायच्या. आईंना ते पटायचं नाही. त्या आमटी लहान लहान डब्यांत ओतायच्या, वाफ ओसरली की डबे आत. मशीन कधी जळलं नाही. हे सगळं त्यांचे हात करत होते आणि नाव मात्र नाकाचं होतं.

ते वर्ष साथीचं होतं. गणपती गेले आणि घरात ताप शिरला. सगळ्यांना आला, सगळ्यांचा गेला. आईंचा गेला तो नाक घेऊन. पहिल्यांदा त्यांनी कोणाला सांगितलं नाही. फोडणी करपली आणि त्या शेजारी उभ्या राहून कांदा चिरत होत्या, तेव्हा मला कळलं. मी गॅस बंद केला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जळलं काय?" विचारणाऱ्या आई मी तोपर्यंत बघितल्याच नव्हत्या.

आणि त्यातच बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं, यांना शिळंपाकं अजिबात नको, पोट बिघडलं तर शरीराला आत्ता झेपणार नाही. गणपतीला बोईसरहून गेलेली मी रजा वाढवून माकुणसारलाच राहिले होते. ज्या दिवशी बाबा घरी आले, त्या दिवशी आईंनी पेज केली, वाटीत ओतली, वाटी तोंडाजवळ नेली आणि तशीच धरून बसल्या. वाटीतून वाफ येत होती. मग ती वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. पाठोपाठ पळीही.

"आजपासून तू."

"आई, तुमीच करा. मी आहे ना बघायला." त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात त्यांचं तुमी येतं.

"मला काय घालते ते कळत नाय, रेखा. मीठ बघून घालता येतं. हे कसं बघू? माझ्या हातून यांना काय झालं तर मी कोणाकडे बघू?"

मी पेज हुंगली. पेजेसारखी वाटली.

मग सुरू झाला माझा कारभार, आणि तो कसा होता ते न सांगितलेलं बरं, पण सांगते. आई प्रत्येक टोप माझ्यापुढे धरायच्या. "बघ गो." दूध, भात, आमटी, पाणीसुद्धा. मी कोरड्या हवेत वाढलेली, आंबट ताक आणि शिळी भाकरी यांवर पोसलेली. मला सगळंच चांगलं वाटायचं. थोडं आंबट असेल तर जास्तच चांगलं वाटायचं. आई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. निकाल मी द्यायचा, आणि माझा माझ्यावरच विश्वास नाही. मग शंका नको म्हणून मी दर वेळी ताजं करायला लागले. दिवसातून इतक्यांदा शेगडी पेटायची की प्रशांत रविवारी आला तेव्हा म्हणाला, इथे खानावळ काढली का. आई हसल्या नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आतल्या बाजूला पाठ करून बसायच्या आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायच्या. ज्या बाईने आयुष्यभर या खोलीकडे पाठ केली नव्हती, तिची पाठ बघून मला रडू यायचं. मी कांदा चिरायला घ्यायचे.

त्यांना जेवण लागत नव्हतं ते वेगळंच. चव वासावर चालते हे मला तेव्हा कळलं. बोंबलाचं कालवण आणि मुगाचं वरण त्यांना सारखंच. "गरम लागतं, गार लागतं, बाकी काय नाय," म्हणायच्या. पण त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांची भीती ताटात नव्हती, बाबांच्या वाटीत होती.

बाबांना दाखवायला आम्ही पालघरला गेलो तेव्हा आईंनी डॉक्टरबाईंना बाबांच्या पोटाआधी स्वतःचं नाक सांगितलं. "मला याचं औषध द्या. नायतर मी यांना कायतरी खायला घालीन." डॉक्टरबाई तरुण होत्या, चेहऱ्याने दमलेल्या, पण त्यांनी पेन खाली ठेवला.

"मावशी, नाक येईल परत, वेळ लागेल. पण एक सांगू का? नाकावर इतका भरवसा ठेवू नका. वास आला म्हणजे अन्न बिघडलं, हे खरं. वास आला नाही म्हणजे चांगलंच आहे, हे खरं नाही. पोट बिघडवणारं पुष्कळदा वास देतच नाही."

आईंनी विचारलं, "मग ओळखायचं कसं?"

"ओळखायची वेळच येऊ द्यायची नाही. शिजलेलं लवकर गार करा आणि लवकर फ्रिजमध्ये ठेवा. दोन तासांच्या वर बाहेर नको, या उकाड्यात त्याच्याही आत. मोठं भांडं तसंच ठेवू नका, आत गरमच राहतं. उथळ भांड्यांत थोडं थोडं ठेवा. खाताना लागेल तेवढंच काढा, चांगली उकळी येऊ द्या, उरलं तर पुन्हा ठेवू नका. आणि शंका आली की टाका."

टाका हा शब्द आईंना लागला. अन्न टाकायचं म्हणजे काय? पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी लागलं होतं, ते परत येताना रिक्षात बाहेर आलं. केळव्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भात पिवळा झाला होता. त्याच्याकडे बघत आई म्हणाल्या, "म्हंजे इतकी वर्सं मी नुसती हुंगत बसले."

बाबा पोटाला उशी लावून बसले होते, रस्त्याच्या खड्ड्यांना घाबरून. ते म्हणाले, "परात मांडायला नाक लागत होतं काय तुला?"

"नाय."

"भात पसरायला? डबे भरायला? मोजून घालायला?"

आईंनी मांडीवरचे हात उलटून बघितले.

"ते सगळं तू हातांनी केलंस. नाकाने नुसती शाबासकी खाल्ली. आमी पण तिकडेच बघत बसलो." मग खड्डा आला आणि बाबांनी डोळे मिटून घेतले.

इतकं ऐकून एखादी बाई घरी जाऊन पदर खोचून कामाला लागली असती. गोष्टीत लागते. आई लागल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी आमटी केली, टोप शेगडीवरून उतरवला, आणि बघते तर मागच्या दाराशी परात पाण्याने भरलेली. आई शेजारी पाट घेऊन बसल्या होत्या. "आण इकडे." त्या दिवसापासून शिजवणं माझं आणि निववणं त्यांचं असं ठरून गेलं. त्या टोपाच्या अंगाला बोटांची मागची बाजू लावून बघायच्या, पाणी बदलायच्या, पळी फिरवत राहायच्या. छतावर उजेड फिरायचा. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी स्वयंपाकघरात आणून लावायला लावलं. नाकाच्या जागी ते लटकलं, असं त्याच म्हणाल्या, आणि त्या ऋतूत त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता. एकदा लाईट गेली, फार वेळ आली नाही. वीज शेजारच्या तारापुरात तयार होते म्हणून ती माकुणसारला आधी येते असं काही नसतं. फ्रिजमधला भात आईंनी बाहेर काढला, माडाच्या आळ्यात ओतला आणि हात जोडले. टाकायला त्या शिकल्या होत्या. फक्त पळी हातात घेत नव्हत्या. चुलीशी उभ्या राहत नव्हत्या.

बाबांना या नव्या कारभारात एकच गोष्ट खुपायची. अन्न उघडं. त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं, शिजलेलं अन्न उघडं ठेवू नये, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडते, लक्ष्मीला लाज वाटते. टोप परातीत नुसत्या जाळीखाली वाफाळत बसलेला दिसला की ते ओटीवरून विचारायचे, "झाकलं काय गो?" आई म्हणायच्या, "वाफ जाऊ दे." थोड्या वेळाने पुन्हा, "झाकलं काय?" लाजरं अन्न आणि तापट टोप यांच्यात बाबांचा जीव टांगलेला असायचा.

आता बोईसरला बघते तर, इथे सगळ्यांच्याच घरी हा गोंधळ आहे. प्रशांतची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. इमारतीतल्या सगळ्यांची तशीच. कुठल्याही वेळी कोणीतरी जेवत असतं, म्हणून टोप दिवसभर ओट्यावर झाकून बसलेले असतात. समोरच्या बिऱ्हाडातली वहिनी म्हणते, "आम्ही सकाळी एकदाच करतो, दिवसभर पुरतं." पुरतं खरं. मी तिला परातीबद्दल सांगितलं तर ती हसली, आणि मग पावसाळ्यानंतर एक दिवस पोरांची पोटं बिघडली म्हणून धावत आली. आता तिच्याकडे प्लास्टिकचं घमेलं आहे. घमेलंही चालतं. पाण्याला पितळेचा अभिमान नसतो.

तर त्या वर्षी माकुणसारचा भात कापायला आला. तेवढं एक शेत आमचं आहे, वाडीच्या पलीकडे. प्रशांत सुट्टी घेऊन आला. बाबा सोडून आम्ही सगळ्यांनी शेतावर जायचं ठरलं, कापणाऱ्या बायकांसाठी चहा आणि जेवण न्यायचं होतं. बाबांना डॉक्टरांनी साधी आमटी खायला परवानगी दिली होती, म्हणून मी त्यांना आवडते तशी, थोडं ओलं खोबरं घातलेली तुरीची आमटी केली, आमच्यासाठीही तीच. आईंनी आमचा वाटा डब्यात भरला, बाकीचा टोप परातीत बसवला, वर जाळी घातली. निघायची घाई होती. आई ओटीवर जाऊन बाबांना म्हणाल्या, "थोड्या वेळाने डब्यांत ओतून फ्रिजात ठेवा. दुपारी लागेल तेवढी उकळून घ्या." बाबांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर स्वयंपाकघर सोपवलं होतं.

शेतावर फार छान गेला दिवस. आई बांधावर बसून पेंढ्या मोजत होत्या, बायकांशी बोलत होत्या. कापलेल्या भाताचा वास सगळीकडे भरला होता. मी तो खोल घेतला आणि आईंकडे बघून लगेच तोंड फिरवलं. त्यांनी बघितलं होतं. "घे गो," म्हणाल्या, "माझ्या वाटणीचा पण घे."

संध्याकाळी परत आलो. बाबा ओटीवर आरामखुर्चीत होते, खूश. दुपारी त्यांनी सकाळच्या मऊ भातावर दूध घेतलं होतं, कारण गॅस पेटवायचा कसा ते विचारायला घरात कोणी नव्हतं. मी मागच्या दारी पाय धुवत होते. आई आत गेल्या. परात रिकामी होती. टोप कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवलेला, त्यावर घट्ट बसणारं पितळी झाकण, आणि झाकणावर वरवंटा. मांजर येऊ नये म्हणून. लक्ष्मीला लाज वाटू नये म्हणून. आम्ही निघाल्या निघाल्या, आमटी उकळती असतानाच, बाबांनी ती इतक्या मायेने झाकली होती की दिवसभर आतली ऊब जराही बाहेर गेली नव्हती.

वरवंटा काढल्याचा आवाज आला. झाकण उचलल्याचा आवाज आला.

"रेखा," आई म्हणाल्या. "उतरली गो."

मी सवयीने ओरडले, "कोण उतरली?"

"आमटी."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मी आत गेले. ज्या आई टोपाजवळ कधी मान नेत नसत, त्या दोन्ही हातांनी टोप धरून त्यात तोंड घालून उभ्या होत्या. वर फेस आला होता, कडेला तार सुटली होती, मलासुद्धा दारातून वास येत होता. आईंनी मान वर केली तेव्हा नाकाच्या शेंड्याला आमटी लागलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि चेहरा असा की मी त्यांना इतकं सुंदर कधी बघितलं नव्हतं.

"आंबूस हाय. आणि खोबरं. खोबरं आधी गेलंय, मग डाळ." त्या एकेक वास वेगळा करून सांगत होत्या. मी ओतायला टोप घ्यायला गेले तर देईनात. "थांब. आणखी एकदा." तो टोप घेऊन त्या घरभर फिरल्या. प्रशांतच्या नाकाखाली धरला, तो मागे सरकला. ओटीवर बाबांपुढे धरला. बाबांचा चेहरा पडला.

"मी चांगली झाकली होती गो."

"चांगलीच झाकलीत," आई म्हणाल्या. "तुमी झाकली म्हणून तर उतरली." आणि त्या हसायला लागल्या, आणि बाबांना कळेना की आपण गुन्हा केला की उपकार.

शेवटी मी टोप केळीच्या बुडाशी रिकामा केला. परत आले तर आईंनी पदर खोचलेला होता. "पळी दे," म्हणाल्या. मी दिली. त्यांनी मुगाची खिचडी केली, मऊ, बाबांपुरती आणि थोडी आमच्यापुरती, आणि फोडणीत जिरं पडलं तेव्हा डोळे मिटून घेतले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं. नाक परत आलं होतं, पण घड्याळाची नोकरी त्यांनी काढून घेतली नाही. उरलेली खिचडी पसरट ताटलीत काढली, वाफ गेली की फ्रिजमध्ये. हात आता नाकाचं नाही, हातांचंच ऐकत होते.

जेवण झाल्यावर त्या बाबांना गोळ्या द्यायला ओटीवर गेल्या. मी दारात होते. त्या बाबांच्या खांद्यापाशी जरा थांबल्या.

"वाडीत गेले होते काय तुमी?"

"मी कुठे जातो? तू जाऊ देत नायस."

"मग अंगाला पानांचा वास कसा येतो?"

"तो कधी जातच नाय," बाबा म्हणाले.

गोळी दिल्यानंतरही आई तिथेच उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळलं की त्या ऋतूत त्यांच्याकडून स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी गेलं होतं. माणूस समोर असायचा, बोलायचा, पेज प्यायचा, आणि तरी पुरता घरी आलेला नसायचा. तो आज आला.

बाबा त्यानंतर चांगली काही वर्षं जगले. पुन्हा वाडीत गेले, पानं खुडली. मग एका थंडीत झोपेतच गेले. माकुणसारचं घर आता आम्ही सणाला उघडतो. आई आमच्याकडे बोईसरला असतात. येताना त्यांनी दोनच वस्तू मागितल्या, बाबांची आरामखुर्ची आणि परात. खुर्ची खिडकीपाशी आहे, परात माळ्यावर. आईंचं वय झालं आहे, गुडघे दुखतात, पण नाक शाबूत आहे, आणि आमच्या मजल्यावरच्या बायकाही आता पदराखाली वाटी घेऊन येतात. आई हुंगतात आणि मग विचारतात, "झाकली कधी? गरम होती काय?" निकाल त्या दुसऱ्या प्रश्नावर देतात.

परवा दुपारी माझ्याच हातून झालं. सकाळी आमटी केली, परात काढणारच होते, तेवढ्यात फोन आला, मग दारावर कोणी आलं. मी टोपावर झाकण टाकलं आणि विसरून गेले. दुपारी उघडलं तर वास आला. टाकायला निघाले होते, पण पाय आईंच्या खुर्चीकडे वळले. मी टोप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान लांबच ठेवली, झाकणाची कड बोटभर उचलली.

"उतरली," म्हणाल्या.

मग झाकणाकडे बघत राहिल्या. टोप माझ्या हातून मांडीवर घेतला, त्याच्या अंगाला बोटांची मागची बाजू लावली. अजून कोमट होता.

"हे आले होते वाटतं," म्हणाल्या. "झाकून गेले."

मी म्हटलं, "हो. पण वरवंटा ठेवायला विसरले."

आई हसल्या. "इथे मिक्सर हाय. वरवंटा कुठला मिळायचा त्यांना?" आणि मग, "टाक गो, शंका कसली, उतरलीच हाय."

टाक म्हणाल्या खऱ्या, पण टोप हातातून सोडला नाही.